चांदपाशाच्या घराचं दार

१७ ऑगस्ट, रविवार

आज बाबांनी चांदपाशाचं घर पुन्हा पाडायला लावलं. तिसऱ्यांदा! "दार लई बारकं केलंस शिल्पे. कापसाचं गाठोडं कसं जाईल आत?" गाठोडं नेणार कोण? कॉम्प्युटरच्या खेळातलं घर ते. तिथं ना कापूस, ना पिंजारी. तरी पाडलं, पुन्हा रचलं. दोन ठोकळ्यांचं दार तीन ठोकळ्यांचं झालं. सकाळ गेली.

तनुजा पुण्याला शिकायला गेली आणि हा खेळ माझ्या कॉम्प्युटरवर सोडून गेली. लेकीची आठवण आली म्हणून एकदा उघडला. दगडाचे, मातीचे, लाकडाचे चौकोनी ठोकळे — एकावर एक ठेवत जायचं, बस. मी लावलं ते पहिलंच घर माळवदाचं झालं. जाड भिंती, सपाट मातीचं छत. ठरवून नाही, ठोकळ्यांचं तसंच होतं. फोनवर बाबांना दाखवलं. त्र्याण्णवच्या भूकंपावर आजवर एक अक्षर न बोललेला माणूस! बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याच्या शेजारी सटवाजीचं घर पायजे."

तेव्हापासून रोज सकाळी चहानंतर व्हिडिओ कॉल. नव्या गावात शिवगंगावहिनी त्यांच्यासमोर फोन धरते, ते सांगतात, मी इथं नांदेडला लावते. वर्ष झालं. जुनं गाव निम्मंही उभं नाही.


२१ ऑगस्ट

दयानंदचा फोन. सख्खा भाऊ, पण आधी विचारायचं म्हणून नाही. तीस सप्टेंबरच्या श्रद्धांजलीला शाळेच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर "आपलं जुनं गाव" दाखवायचं, असं जाहीर करून मोकळा. पुढारी येणार आहेत. मी म्हणाले, बाबांच्या चालीनं अजून दोन वर्षं लागतील.

"बाबाच्या चालीनं गेलीस तर बाबाच राहायचे न्हाईत."

खरं बोलला म्हणून जास्त राग आला.

मला गावाचं काही नाही. मला एक घर पाहिजे — आमचं. आई त्यात गेली. मी तेव्हा बारा वर्षांची, इथं मावशीकडे शिकायला होते. गावी नेलं तोवर आमच्या गल्लीत सपाट माती होती. आई कुठल्या खोलीत होती, कुठल्या अंगाला डोकं होतं, कुणी सांगितलं नाही. बाबा वर्षभर मला त्या गल्लीत नेतात आणि आमच्या घराच्या अलीकडून परत फिरवतात. आमचं घर लागलं की ते बोलतील, ह्या एका आशेवर मी सटवाजीचा गोठासुद्धा रचला.


२४ ऑगस्ट, रविवार

पुन्हा चांदपाशा. भिंतीतली दिवळी उजव्या हाताला. कापूस पिंजायची धनुकली टांगायची खुंटी तिच्या वर. छतात उजेडासाठी ठेवायचं साणं मधोमध नको, चुलीकडं सरकव. एवढं आपल्या घराचं तरी आठवतं का यांना?

विचारलंच. आपल्या घराचं कधी?

"येईल की. वाटंतच हाय."


२८ ऑगस्ट

पूर. आमच्या पेपरची तीन पानं पाण्याची. खेळ उघडला नाही. बाबांचा कॉलही घेतला नाही.


२ सप्टेंबर, मंगळवार

लातूरला पुराच्या कामानिमित्त. उरलेल्या तासात हारिसच्या दुकानात गेले. चांदपाशाचा नातू. भूकंपानंतर ते कुटुंब लातूरला आलं ते आलंच. पोरगा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, जीभ तिखट.

"ताई, हातानं लावत बसलात? एवढ्या वेळात सरकारनं खरं गाव बांधलं की."

मग त्यानं मॅप एडिटर दाखवला. खेळ बंद ठेवून बाहेरूनच सगळा नकाशा उघडायचा. वरून गाव दिसतं, घार बघते तसं. हवा तेवढा भाग चौकटीत घ्यायचा आणि उचलायचा. पाहिजे तिथं ठेवायचा. एक घर केलं की शंभर झाली. मातीच्या भिंती एका फटक्यात दगडाच्या. मी हसले — हा तर आमच्याच बिरादरीचा! वीस वर्षं पेपरच्या डेस्कवर दुसरं काय केलं मी?

"फक्त आधी मूळ गाव वेगळं ठेवा हं. ह्याला लाज नसते, खालचं खाऊन टाकतो."

आमच्या दादाचं, म्हणजे आजोबांचं, घर आहे का यात, म्हणून हारिसनं विचारलं. दाखवलं. दार, दिवळी, खुंटी — बोट ठेवून ठेवून बघितलं त्यानं. म्हणाला, बेगमबी दादी आणि हुस्ना चाची दोघी ह्यातच गेल्या. मला माहीत होतं. अशा वेळी काय बोलायचं ते अजून जमत नाही, लिहायला जमतं.

पैसे द्यायला लागले तर हात मागे घेतला. "तुमच्याकडून न्हाई ताई. आमच्या घरात तुमच्या घरचं नाव निघतं." पेपरमुळे असेल.


६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

बाहेर ढोल. ह्या दिवशी बाबा कुणाशी बोलत नाहीत. त्या वर्षीही विसर्जनाचीच रात्र होती. बाबा मिरवणुकीत होते म्हणून वाचले, आई घरात होती म्हणून गेली.

आज सुट्टी. बसले आणि आमचं घर लावलं. कुणाला न विचारता, माझ्या आठवणीनं. सोपा, मधली खोली, चूल. मधल्या खोलीत एक पलंग ठेवला.

मग एडिटर उघडला. आमचं घर चौकटीत घेतलं, उचललं, ठेवलं. पुन्हा ठेवलं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक गल्ली. तालुक्याच्या बातमीसारखं — मजकूर तोच, गावाचं नाव बदला. हाताला काय वेग आला! वर्षभराचं ओझं एका दुपारीत उतरलं.

मूळ फाईल वेगळी ठेवायची का, असं एडिटरनं विचारलं होतं. नाही म्हणाले. डेडलाईनला ती सवय नसते.


८ सप्टेंबर, सोमवार

बाबांना दाखवलं. आमच्या घरासमोर उभी राहिले, म्हणाले, बघा, आपलं घर.

"वरून दाखव."

वरून दाखवलं. सरळ रांगा. सारख्या भिंती, सारखी छतं, सगळ्या दारांची तोंडं एकाच दिशेला.

"हे तर नवं गाव हाय की."

नवं गाव म्हणजे सरकारनं बांधून दिलेलं. एकाच नकाशाचं घर, रांगेत. पहिली काही वर्षं माणसं भलत्याच दारात जाऊन कडी वाजवायची. तेच मी बांधलं होतं, आणि मला कळलं नव्हतं.

मग विचारलं, "चांदपाशाचं कुठं गेलं?"

शोधलं. गल्लीवर चौकट टाकली तेव्हा ते तिच्यात आलं होतं. त्या जागी आता आमचंच घर उभं होतं, पलंगासकट.

"परत आन."

येत नाही, म्हणाले. गेलं ते गेलं. पडद्यावर आधी बाबांचं धोतर दिसलं, मग भिंत. वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, उठून गेले ते."


९ सप्टेंबर

फोन नाही.


१२ सप्टेंबर

फोन नाही. वहिनी म्हणते जेवतात, झोपतात, बोलत नाहीत.

दयानंदला मात्र पसंत! "आता कसं टकाटक दिसायलं. रांगा बघ किती सरळ."


१९ सप्टेंबर, शुक्रवार

संपादकांनी आठवण केली — ताई, तीस तारखेचा तुमचा तो लेख. तो लेख! दरवर्षीचा. जुना उघडला, एकतीस वर्षांचं बत्तीस केलं. एका परिच्छेदात यंदाचा पूर घातला. शेवटचं वाक्य कधीच बदलत नाही: "माझी आई आमच्याच घराच्या माळवदाखाली गेली, ते छत अजून माझ्या डोक्यावर आहे." पहिल्यांदा लिहिलं तेव्हा फार आवडलं होतं. वाचकांची पत्रं आली होती. बाबांनी कधी काही म्हटलं नाही. वाचतात की नाही, तेही माहीत नाही.

खरं सांगायचं तर बाबांची चीड येते. पिंजाऱ्याच्या घराचं दार रुंद की अरुंद, यात वर्ष घालवलं. स्वतःच्या बायकोच्या घरासमोर आले की मान वळवायची. मी पलंग ठेवला, त्याकडे बघितलंसुद्धा नाही. जणू त्या घरात कुणी गेलंच नाही.


२५ सप्टेंबर

पाऊस थांबत नाही. फोन नाही. आता मीही करत नाही.


३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी लेख आला. पहाटेच्या गाडीनं गावी निघाले, तिथं पोचले तेव्हा हॉलमध्ये लोक तोच वाचत होते.

दिवे घालवले, पडदा उजळला. मी गाव फिरवून दाखवलं. ही वेस, ही गल्ली, हे घर. सटवाजी पुढच्या रांगेत होता. "माझं कंचं म्हनायचं ह्यातलं? नंबर तर टाकायचा!" लोक हसले. त्याच्या गोठ्यावरही आमचं घर बसलं होतं. मग मागून नागम्मा म्हातारी म्हणाली, "पोरी, पिंजाऱ्याचं घर न्हाई व्हय ह्यात?" आणि हसू थांबलं. सगळ्या हॉलनं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे का? शंभर घरं चुकली होती, ह्या एकानंच असं काय झालं? दयानंद लगबगीनं उठला, पुढाऱ्यांना माईक दिला. टाळ्या झाल्या. शाल मिळाली.

बाबा आले नव्हते. घरी ओट्यावर बसले होते, पुढ्यात पेपर. मी शाल बाजूला टाकली आणि बोलले. उभ्या उभ्या, सगळं. दुसऱ्याच्या खुंट्या आणि दिवळ्या तुम्हाला पाठ, आईची खोली तेवढी आठवत नाही! वहिनीनं माझा दंड धरला. बाबांनी पेपरची घडी केली, पुन्हा उलगडली.

"चहा घे," एवढंच म्हणाले.

घेतला नाही. मिळेल त्या गाडीनं परत.


१ ऑक्टोबर

सकाळी बाबांचा फोन. स्वतः लावलेला, पहिल्यांदा. चेहरा अर्धाच दिसत होता.

"तुझी माय आपल्या घरात नव्हती. हुस्नाला कळा सुरू झाल्त्या. मी अन् चांदपाशा गनपतीत, बेगमबी एकटी. मीच म्हनलो तिला — जा, आज तिथंच झोप." मग म्हणाले, "आपली मधली खोली उभी व्हती. मागून मशीननं पाडली."

दयानंदला माहीत होतं. नागम्माला, सटवाजीला. सगळं गाव दरवर्षी माझा लेख वाचत होतं.

मी खेळ उघडला. चांदपाशाच्या जागेवरचं आमचं घर हातानं काढलं, एकेक ठोकळा. पलंग सगळ्यात शेवटी. जमीन मोकळी झाली तेव्हा विचारलं, कुठून सुरू करू?

"दारापासून. रुंद ठेव. तिथूनच काढलं तिला."