तिसरी होडी

प्रिय भावजींस,

वहिनीचा नमस्कार. (आशीर्वाद लिहायला घेतला होता, पण तुम्हीही आता सत्तरी ओलांडलीत. या वयात आशीर्वाद कुणी कुणाला द्यायचे आणि ते लागू पडेपर्यंत थांबायचं कुणी, म्हणून नमस्कारावर भागवलं.) तुमची पाठ काय म्हणते? जाऊबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना? त्यांना आता सगळं स्वच्छ दिसायला लागलं असेल, तेव्हा घरात जरा जपून वागा. इकडे मी ठीक आहे. गुडघे आपापल्या जागी आहेत आणि जागेवरूनच कुरकुरतात.

आता क्लबाची हकीकत. तुम्ही गाव सोडल्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे तुमच्या डोळ्यांसमोर अजून उन्हाळ्यातलाच क्लब असणार. तळ्यावर पांढरी शिडं, काठावर थंड पेयं, आणि पाण्याला पायही न लावता दिवसभर होड्यांबद्दल बोलणारी मंडळी. पानगळ सुरू झाली की ही मंडळी पानांच्याही आधी गळतात. एका रविवारी सगळे मिळून होड्या बाहेर ओढतात, डोलकाठ्या उतरवतात, ताडपत्र्या बांधतात, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत ‘संपर्कात राहू’ म्हणतात आणि उन्हं तापेपर्यंत कुणाला साधी हाक मारत नाहीत. मग उरतं ते आवार. ताडपत्रीखाली ओळीनं ठेवलेल्या होड्या पाहिल्या की दवाखान्यात डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेले पेशंट आठवतात. कँटीनचं शटर खाली. बादलीत पाणी ठेवावं तर सकाळी त्यावर काचेसारखा पापुद्रा. संडासाची किल्ली कुणाकडे आहे हे तर हिवाळाभर गुपितच असतं. थंडीत क्लबात येतं कोण, तर ज्याला घरी बसवत नाही तो. मी येते.

आणि येतात दोन वीर: दातांचे डॉक्टर आणि कंत्राटदार. कितीही गारठा असो, दोघं आपापल्या होडीत एकेकटे बसून हिवाळी चषकासाठी दर रविवारी लढतात. एकमेकांशी बोलणं नाही. (कंत्राटदारांची दाढ दुखली तर ते बसनं शेजारच्या गावी जातात, आणि डॉक्टरांच्या घराचा सज्जा अर्धवट राहिला तो तसाच आहे.) पण क्लबाचा नियम असा होता की सुरुवातीच्या रेषेवर तीन होड्या असल्या तरच शर्यत धरायची. ही तिसरी होडी म्हणजे आपली. आधी तुमचे दादा, आणि ते गेल्यापासून मी. दादांनी मला होडी शिकवली असं नाही हं. ते नुसते ओरडायचे. त्या ओरडण्यातला राग गाळून खाली जे उरलं ते मी शिकले. बाकीचं वाचनालयातल्या एका पुस्तकातून, ज्याची मधली पानं कुणीतरी फाडून नेली होती. त्यामुळे होडी निघते कशी आणि थांबते कशी हे मला पक्कं येतं, मधलं सगळं अंदाजानं.

नंबर माझा शेवटचा, हे वेगळं सांगायला नको. मी पाण्यावर तरंगणाऱ्या पहिल्या बोयाला वळसा घालत असते तेव्हा ते दोघं काठावर एकमेकांकडे पाठ करून कपडे बदलत असतात. पण मान विचाराल तर पहिलीचा. शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांचा फोन ठरलेला: काकू, गुडघे कसे आहेत, उद्या येताय ना? रविवारी सकाळी कंत्राटदार माझी ट्रॉली ओढत होडी पाण्यापर्यंत आणून देणार, वर थर्मासमधला चहा. मी शर्यतीत नव्हते, मोजणीत होते, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण भावजी, ज्या घरात ‘आलीस का?’ असं विचारणारं कुणी उरलेलं नाही, त्या घरच्या बाईला मोजणीत धरलं तरी पुष्कळ झालं.

यंदा पानगळीत वार्षिक सभा झाली. आपले सेक्रेटरी (विम्याच्या कंपनीत आहेत, आवाज इतका मऊ की विमा उतरवल्याशिवाय माणूस खुर्चीवरून उठत नाही) सभेआधी माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, काकू, केवळ नियमापायी तुम्हाला थंडीत पाण्यात उतरावं लागतं, आम्हाला ते बघवत नाही. यापुढे दोन होड्याही चालतील असा ठराव आणतोय, तुम्हीच अनुमोदन दिलंत तर शोभून दिसेल. मला भरून आलं. पोटच्या पोरानं कधी माझ्या थंडीची एवढी चौकशी केली नाही. मी हात वर केला, इतका वर की खांद्यात कळ आली. ठराव एकमतानं मंजूर झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी येऊन बूट काढत होते, एक पायात आणि एक हातात, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी माझ्याच नावावर काट मारायला अनुमोदन देऊन आले आहे.

त्या शनिवारी फोन आला नाही. मी उचलून पाहिला, चालू होता. तुम्ही म्हणाल, वहिनी, दोन चालतील म्हटल्यानं तिसरीला बंदी थोडीच होते, खुशाल जायचं होतंत. खरं आहे. मला कुणी अडवलं नव्हतं. नुसतं कुणी विचारलं नव्हतं. अडवलं असतं तर भांडून गेले असते. न विचारणाऱ्याशी भांडायचं कसं, हे त्या पुस्तकातही नव्हतं. (असलं तर मधल्या पानांत असेल.)

मग माझी सोय म्हणून एक पद काढलं. सन्माननीय भोंगाप्रमुख. काठावरच्या लाकडी खोपटात, फुटक्या तावदानाला लावलेल्या पुठ्ठ्याशेजारी बसायचं, शर्यत सुटताना भोंगा वाजवायचा आणि जो आधी परत येईल त्याच्यासाठी पुन्हा वाजवायचा. दोनच होड्या, त्यामुळे जो मागे पडतो तो रागावून अर्ध्यातच घरी जातो. मग दुसरा एकटाच गोल गोल फिरतो, एकटाच जिंकतो, आणि मी त्याच्यासाठी भोंगा वाजवते. बदकंसुद्धा आता मान वर करत नाहीत. खोपटातून समोर तळं दिसतं आणि मान मागे वळवली की आवार. मी बहुतेक वेळ मान वळवूनच बसते. पाण्याच्या उतारालगतची पहिली ताडपत्री आपली ना.

गेल्या रविवारी मात्र दोघं वीर शेवटच्या बोयाशी एकदमच पोचले आणि धडकले. डॉक्टरांच्या होडीच्या नाकाला भोक, कंत्राटदारांची डोलकाठी आडवी. छातीएवढ्या पाण्यात उभे राहून इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते एकमेकांशी बोलले. (दोन शब्द मला नवीन होते. तुमच्या दादांच्या तोंडीही कधी ऐकले नव्हते.) ज्याची चूक ठरेल तो चषकातून बाद. आणि पाहणारं माणूस अख्ख्या तळ्यावर एकच, भोंगाप्रमुख.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी माझे दात फुकट तपासून देण्याचीही तयारी दाखवली. (ते माझे नाहीतच, त्यांनीच बसवलेत.) सोमवारी कंत्राटदारांनी खोपटाला नवं तावदान बसवलं आणि वर माझ्या घरी येऊन जिन्याचा कठडा दुरुस्त करून गेले. भावजी, मी त्या दोघांना चहा केला, बिस्किटं दिली, आणि मनातून इतकी कडू झाले की साखर घातलेली कळेना. माणसाची आठवण यायला यांना धडकावं लागतं.

बुधवारी क्लबाच्या खोलीत चौकशी झाली. दोघं दोन टोकांना, मध्ये सेक्रेटरी, समोर मी. सेक्रेटरींनी मऊ आवाजात विचारलं की काकू, धडक झाली तेव्हा तुम्ही नेमकं काय पाहिलंत. मी म्हटलं, “धडक झाली तेव्हा माझं तोंड आवाराकडे होतं. तुम्ही टेप घेऊन माझ्या होडीभोवती फिरत होतात. जागा मोजत होतात. ते मी पाहिलं.”

सेक्रेटरींनी आवाज आणखी मऊ केला. “काकू, तो विषय वेगळा आहे. होडी आता वापरात नाही, आणि तुमच्या घरच्यांशी बोलणं झालंय.”

वापरात नाही. वापर काढून घेतला कुणी, ते मी विचारलं नाही, कारण अनुमोदन माझंच होतं. मग कळलं की सेक्रेटरींची स्वतःची नवी मोठी होडी येतेय आणि तिला आपली जागा बरोबर बसते. आपली जाणार संडासामागच्या काटेरी झुडपांत, आणि तिथून कुणी मागायला आलं की त्याच्या घरी. चौकशी पुढच्या रविवारवर गेली, तोवर काकूंनी धडक नीट आठवून पाहावी असं ठरलं.

असो. रडगाणं फार झालं. कानाला मफलर बांधत जा, जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि सवड होईल तेव्हा चार ओळी लिहा.

तुमची,
वहिनी

ता. क. ‘घरच्यांशी’ म्हणजे कुणाशी, याचा मी दोन दिवस विचार केला. आमच्या चिरंजीवांना होडी नुसती पाहिली तरी मळमळतं, क्लबाचा फोन नंबरही त्यांच्याकडे नाही. उरलात तुम्ही. दादांनी आणि तुम्ही मिळून ती होडी घेतली होती, कागदावर अर्धी तुमची. म्हणजे सेक्रेटरींनी तुम्हाला फोन केला, माझ्या वयाची काळजी केली, आणि ‘वहिनींना त्रास नको, काढून टाका’ असं तुम्ही म्हणालात. मी रागावलेले नाही. (रागावले आहे.) त्या आवाजापुढे मीही हात वर केला होता, तेव्हा तुम्हाला नावं कोणत्या तोंडानं ठेवू? पण मला एका शब्दानं विचारायचं होतंत. विनंती एवढीच, की आता सेक्रेटरींना फोन करा आणि ‘नाही’ म्हणा. तुम्हाला नाही म्हणायची सवय नाही हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, म्हणून आधी जाऊबाईंसमोर दोनदा म्हणून बघा.

ता. क. २. तरीही म्हणवत नसेल, तर येऊन तुमचा अर्धा भाग घेऊन जा. पुढचा घ्या, तो गळतो. सुकाणू मागच्या भागात आहे, ते मला राहू द्या.

ता. क. ३. अक्षर वाकडंतिकडं आलंय ते वयामुळे नव्हे. मी होडीत बसून लिहिते आहे. परवा डॉक्टरांना म्हटलं की मान वळवता वळवता ओझरतं काही दिसलं होतं, आणि पाण्यावर असले म्हणजे मला सगळं लख्ख आठवतं. तेच कंत्राटदारांना म्हटलं. आज सकाळी एकानं पुढून ओढली, एकानं मागून ढकलली, आणि दोघांनी मिळून होडी पाण्यात उतरवून धक्क्याला बांधून दिली. सेक्रेटरी काठावर उभे आहेत. थंडी बाधेल, बाहेर या म्हणतात. मी सांगितलंय, भावजींचं उत्तर येईपर्यंत रोज दिवसभर इथेच बसणार, बाईमाणसासकट होडी झुडपांत टाकायची असेल तर टाका. खरं म्हणजे त्या धडकेतलं मला काडीइतकंही दिसलेलं नाही, पण हे पत्र डॉक्टरच पेटीत टाकणार आहेत, म्हणून पाकीट नीट चिकटवते. उत्तराला उशीर करू नका. माझ्या पायाशी पाणी साचायला लागलंय, आणि ते तुमच्याच अर्ध्यातून येतंय.