सहाच्या सहा

४ मार्च

ताई गेली. टॅक्सीत बसेपर्यंत स्वतःच्या ऑपरेशनबद्दल चकार शब्द नाही. सगळं बोलणं अंड्यांचं. बल्ब विझता कामा नये, वाटीतलं पाणी आटता कामा नये, झाकण उघडता कामा नये. हेच सगळं कागदावरही लिहून दिलंय, शब्दांखाली दोन-दोन रेघा मारून. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली बाई. साधं "येते" म्हणतानाही सूचना देते.

मी बरोबर जाणार होते. नको म्हणाली. "तू दवाखान्यात चक्कर येऊन पडतेस. माझी लेक आहे तिथे. तू अंड्यांपाशी थांब, मासोळी." मासोळी म्हणजे मी. बावीस वर्षं तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवते म्हणून.

तर आता घरात मी, काचेच्या झाकणाचं थर्माकोलचं खोकं, त्यात बदकाची सहा अंडी आणि एक बल्ब. निवृत्त झाल्यावर ताई म्हणाली, घरात काहीतरी जिवंत हवं. मी म्हटलं, मी आहे की. म्हणाली, तू ऐकत नाहीस. पंचवीस दिवस तिने ही अंडी दिवसातून पाच वेळा हाताने फिरवली. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल – कुठलं फिरवायचं राहिलं ते कळावं म्हणून. आता शेवटचे तीन दिवस फिरवायची नाहीत. आता नुसतं बघत बसायचं. मला नेमकं हेच जमत नाही.

५ मार्च

झाकण उघडलं. दोनदा.

एक अंडं कानाला लावलं तर आत टकटक! खरंच. कोणीतरी आतून दार वाजवावं तशी. पटकन परत ठेवलं, झाकण लावलं, आणि चोरी केल्यासारखी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मग वाटलं, इतरांचंही ऐकायला हवं होतं.

६ मार्च

आज ऑपरेशन. पोटातली गाठ. डॉक्टर म्हणाले होते, उघडून बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही.

साडेतीनला भाचीचा फोन. "झालं, मावशी. आई झोपलीय." कसं झालं? "झालं. डॉक्टर बोलतील नंतर." फोन बंद. पोरगी एरवी तासभर डोकं खाते.

मी झाकण उघडलं. आणखी दोनदा. कशाला, ते मलाही माहीत नाही.

७ मार्च

एका अंड्याला तडा. चोचीचं टोक दिसतं, मधूनच हलतं, मधूनच तासभर काही नाही. कागद म्हणतो: "मदत करायची नाही. पूर्ण दिवस लागू शकतो. मदत केलीस तर मरेल."

पाण्यात पोर धडपडतं तेव्हा हात कधी द्यायचा आणि कधी मागे घ्यायचा, हे मला डोळे मिटून कळतं. इथे काही म्हणता काही कळत नाही. हात मांड्यांखाली दाबून बसले होते. तलावावर निरोप पाठवला – आज बरं नाही. खोटंही नाही ते.

८ मार्च

चार निघाली!

ओली, चिकट, मान टाकलेली. पहिलं बाहेर आलं तेव्हा वाटलं, मेलेलंच आलं. दोन तासांनी बघते तर पिवळं धमक, आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन उभं. माझ्याकडे बघून जे ओरडली चौघं मिळून, की मी "आले, आले" म्हणत धावले. कुठे धावले? समोरच तर उभी होते.

अजून दोन राहिली.

९ मार्च

त्या दोन अंड्यांत काही नाही. तडा नाही, टकटक नाही. कागदावर, झाकणाच्या सूचनेपुढे कंसात कारण लिहिलंय, ते आज नीट वाचलं: झाकण उघडलं की आतली ओल जाते, कवचाखालचा पापुद्रा सुकतो, पिल्लू आतल्या आत अडकतं. चार वेळा उघडलं मी.

दुपारी ताईचा फोन. आवाज कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा. पहिला प्रश्न, "किती निघाली?"

मी म्हटलं, "सहाच्या सहा."

का म्हटलं? त्या आवाजाला दुसरं काही सांगवेना. मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाली, "वा."

"आणि तुझं? डॉक्टर काय म्हणाले?"

"माझंही तसंच. सगळी गाठ निघाली."

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. चार पिल्लं माझ्या पायावर चढली आणि एकाने घाण केली. इतकं हलकं वाटलं मला. एक खोटं बोलले, पण त्यावर एवढी मोठी खरी गोष्ट मिळाली, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत राहिलं.

१० मार्च

ती दोन अंडी आजही तशीच. शेवटी मागच्या अंगणात पुरली. पुरताना हातात फिरवून बघितली – यांच्यावर फुली नाही, गोल नाही. इतरांच्या कवचांवर अजून पेन्सिल दिसते. ताई खुणा करायला विसरली म्हणावं तर ताई विसरत नाही. माझ्याच घामट हातांनी पुसल्या गेल्या असतील. तेही मीच.

पिल्लं माझ्या निळ्या रबरी चपलांना आई समजतात. चपला स्वयंपाकघरात गेल्या की चौघं रांगेने स्वयंपाकघरात. आज चुकून दुसरे जोडे घातले तर माझ्याकडे ढुंकूनही बघेनात. दाराशी काढलेल्या निळ्या चपलांशी जाऊन बसली.

११ मार्च

लिहवत नाही. पण लिहिते.

सकाळी मोठ्या टबात पाणी भरलं. त्यांना सोडलं. बदकं ती! बदकाला पोहायला कोण शिकवतं? माझ्या पोरांना मी सहा आठवडे काठाला धरून पाय मारायला लावते, आणि ही बघा – पडली तशी निघाली. मी शिट्टी वाजवली. खरंच वाजवली, गळ्यातच होती. इतकी खूश होते. ताईला सांगायचे शब्दसुद्धा जुळवले.

पाच मिनिटंही झाली नसतील. एक तिरकं झालं. मग दुसरं. पिसं भिजून अंगाला चिकटली, पाण्यात खाली-खाली जायला लागली. मी चौघांना बाहेर काढलं, टॉवेल, बल्ब, केस वाळवायचं यंत्र. तिघं थरथरत होती. चौथं थरथरतही नव्हतं.

बुडालेल्या माणसाला कसं वाचवायचं, याची दर वर्षी परीक्षा देते मी. पहिली येते. छाती दाबायची तर माझं एक बोट त्याच्या छातीपेक्षा रुंद. फुंकर घालायची तर तोंड कुठून सुरू होतं तेच दिसेना. तळहातावर घेऊन बसले. दुसरं काही येतच नव्हतं मला. बावीस वर्षांत माझ्या पाण्यात कोणी गेलं नव्हतं.

नंतर कागद हातात घेतला. उलटला. मागे लिहिलं होतं. मागे लिहिलेलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. "पहिले काही आठवडे पाण्यात सोडायचं नाही. आई जवळ नसली की पिसांना तेल मिळत नाही. भिजतात, गारठतात. मासोळी, हे तुझ्यासाठी लिहितेय."

१२ मार्च

तीन. त्यातलं एक पाय फाकवून बसतं, उठता येत नाही. कालच्या ओल्या टॉवेलावरून घसरलं असणार.

जनावरांच्या डॉक्टरकडे बुटाच्या खोक्यातून तिघांनाही नेलं. एकट्याला काढलं की उरलेली दोन बोंब मारतात. रांगेत माझ्यापुढे एक म्हैसवाला, मागे कुत्र्याची बाई. डॉक्टरांनी जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा तुकडा घेऊन दोन्ही पाय एकमेकांपासून बोटभर अंतरावर बांधले. "चार-पाच दिवस. जमलं तर जमलं."

"आणि नाही जमलं तर?"

"बाई, पुढच्याला आत येऊ द्या."

बरोबर आहे त्यांचं. म्हैस ताटकळली होती.

१३ मार्च

ताईचा निरोप: "फोटो पाठव. सहाही एकत्र दिसू देत."

सहाही!

मग सुचलं ते लिहायलाही लाज वाटते. कपाटाच्या आरशासमोर खोकं ठेवलं, पाण्याचं पातेलं ठेवलं, तिघांना आरशाला लागून बसवलं. तीन इकडे, तीन तिकडे. बावीस फोटो काढले तेव्हा एक जमला. लंगड्याची पट्टी दिसू नये म्हणून त्याच्यापुढे वाटी. पाठवला.

उत्तर आलं: "गोड आहेत. खूप मेहनत घेतेस."

मी मेल्याहून मेल्यासारखी.

१४ मार्च

ताईला विचारलं, भेटायला येऊ का. "पिल्लं कोण बघेल? मी मजेत आहे. दोन चमचे भातही खाल्ला." भाचीला विचारलं. "आई म्हणते तसंच, मावशी." म्हणजे नक्की कसं? "आई सांगेल."

१५ मार्च

लंगडं आज दोन पावलं चाललं आणि तोंडावर पडलं. मी उचललं नाही. कसं उचललं नाही ते माझं मला माहीत.

१७ मार्च

पट्टी काढली. उभं राहिलं! पाय अजून वाकडा पडतो, पण पडतो जमिनीवर. निळ्या चपलांमागे शेवटून पहिलं येतं, ओरडत – थांबा, थांबा. मी थांबते. चपलांचा वेग त्याच्याच हिशेबाने ठेवलाय हल्ली. तलावावरची मंडळी म्हणतात, बाई तुम्ही पाय ओढत का चालता?

परवा ताई येणार. अंडी दिली त्या माणसाकडे जाऊन आले, तीन पिल्लं मिळतील का म्हणून. त्याच्याकडची दोन महिन्यांची, पांढरी, माझ्या गुडघ्यापर्यंत. तेवढी मोठी बदकं बाराव्या दिवसाची म्हणून खपवण्याइतकी ताई आजारी नाही.

आता सरळ सांगायचं. दारातच. पिशवी खाली ठेवायच्या आत.

१९ मार्च

ताई आली. केवढीशी झालीय. भाचीने धरून आणलं. जिना चढताना तीन वेळा थांबली आणि तिन्ही वेळा म्हणाली, "जिना बघतेय." चाळीस वर्षं बघतेय हा जिना.

मी दारात तोंड उघडलं. ती म्हणाली, "आधी बसू दे." बसली. खोक्यात डोकावली. म्हणाली, "छान वाढलीत." बस्स. मोजली नाहीत. मेथीची जुडी सोडून काड्या मोजणारी ही बाई – तीन पिल्लं तिला मोजायची नव्हती. माझं सगळं पाठ केलेलं तसंच राहिलं.

भाची चहा न घेता निघाली. जाताना मला घट्ट धरलं, बराच वेळ. कधी धरत नाही.

२० मार्च

सकाळी सांगितलं सगळं. झाकण, टब, आरसा. ताई लंगड्याला मांडीवर घेऊन ऐकत होती. म्हणाली, "आरशात पातेलंही दोनदा आलं होतं." मग म्हणाली, "ती दोन अंडी तू नाही मारलीस. त्यांच्यात काही नव्हतंच. मी जायच्या आधी टॉर्चवर धरून बघितली होती. फेकवेनात, म्हणून नुसत्या खुणा खोडल्या."

"म्हणजे त्या दिवशी, फोनवर –"

"तू सहा म्हणालीस, तेव्हा कळलं मला, आपल्या दोघींनाही आत्ता खरं झेपणार नाही. मग मीही सहाच म्हटलं."

पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं त्यांनी. काही काढलं नाही. काढण्यासारखं नव्हतं. किती दिवस, ते तिने कागदावर लिहून ठेवलंय, दोन रेघा मारून. कागद उलटा करून माझ्यापुढे ठेवला. "आधी मागचं वाच," म्हणाली.

लंगडं तिच्या मांडीवर झोपलं होतं. त्याची झोप मोडू नये म्हणून आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.