सरांच्या गोळ्यांना हात

३ फेब्रुवारी

ओपीडीतलं टेबल गेलं, हेडफोन आला! हॉस्पिटलच्या सगळ्या शाखांमधले हृदय कमजोर असलेले पेशंट आता या एका खोलीतून सांभाळायचे. फोन करायचा, वजन-बीपी विचारायचं, रक्ताचे रिपोर्ट बघायचे, गोळ्यांचा डोस टप्प्याटप्प्याने वाढवायचा. शेजारी फार्मासिस्टबाई. अडलं तर डॉक्टर आहेतच.

जुनी ओपीडी आठवत राहिली. भिंतीलगतचा बाक, कुरकुरणारा वजनकाटा — चपला काढून चढायचं की घालून, यावर रोज वाद. आणि सर, आमचे मोठे डॉक्टर. पेशंटच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "बरं चाललंय ना? मग गोळ्यांना हात लावायचा नाही." पेशंट हसत घरी जायचा. आम्ही नर्सही तेच शिकलो.

५ फेब्रुवारी

बरं वाटतंय म्हणून निम्मे पेशंट सुरुवातीच्याच डोसवर अडकलेत, असं फार्मासिस्टबाई म्हणाली. वरून बरं, आतून हृदय थकतच जातं. मी म्हटलं, सरांना नावं ठेवू नकोस. "मी कुठे सरांचं नाव काढलं?"

खरंच, काढलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

आज यादीत सर! निवृत्तीनंतर आजार निघाला, तेव्हापासून सगळ्यात कमी डोसवर. तपासणारे सगळे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले — सरांच्या गोळ्यांना हात लावणार कोण? नव्या रिपोर्टमध्ये हृदय आणखी खालावलंय. बीपी चांगलं, किडनी ठीक. डोस वाढवायला अडचण कसलीच नाही. अडचण मीच. दिवसभर नंबर फिरवला नाही.

१० फेब्रुवारी

केला फोन. वहिनींनी उचलला. हल्ली जिन्यात मध्येच थांबतात म्हणाल्या. विचारलं तर सांगतात, कुंड्या बघतोय. मग सर आले. आवाजावरून ओळखलं, जुन्या स्टाफची एकेकाची चौकशी केली. किती बरं वाटलं! मग मी डोसचं काढलं.

"सिस्टर, मला बरं वाटतंय."

"सर, वहिनी वेगळंच सांगतात."

फोन ठेवला त्यांनी.

११ फेब्रुवारी

फोन उचलत नाहीत.

१३ फेब्रुवारी

सर स्वतः आले. दम लागलेला. बसले, बीपी घेऊ दिलं. मी डोस वाढवला, पुढच्या रक्ततपासणीची तारीख सांगितली. सरांनी ती लिहून घेतली. मग स्क्रीनवरच्या यादीकडे बोट केलं — "यातले माझे पेशंट किती?"

मी नावं वाचायला लागले. थोडी वाचून झाल्यावर त्यांनी माझा हेडफोन मागून घेतला.

"यांना मी सांगतो."