फळी वर का घेतलीस

आई, परळच्या खोलीतली फळी तू वर का घेतलीस, हे तू मला कधी खरं सांगितलं नाहीस. "उंदीर चढतात," एवढंच म्हणायचीस. लहानपणी विचारलं तेव्हाही उंदीर, आणि माझा मुलगा शाळेत जायला लागल्यावर एकदा दुपारी तुझ्याकडे आले होते तेव्हा विचारलं, तर खोबरं खवता खवता मानही वर न करता तू पुन्हा उंदीरच म्हणालीस. उंदीर भिंतीवरून सरसर वर जातो, त्याला फळी हातभर उंच गेल्याने काय फरक पडणार होता? मी सगळी नोकरी ऑफिसात लोकांची औषधपाण्याची बिलं तपासण्यात घालवली. कुणी दर वेळी तेच कारण त्याच शब्दांत सांगितलं की ते बिल मी बाजूला काढून ठेवायचे. तुझं हे बिल माझ्याकडे तसंच बाजूला पडून आहे.

आता एवढ्या वर्षांनी हे उकरून काढायचं कारण म्हणजे आमचं नवीन स्वयंपाकघर. लालबागची आमची चाळ पाडली, ते बघायला तू नव्हतीस. तिथे टॉवर उभा राहिला आणि त्यात आम्हाला बाराव्या मजल्यावर जागा मिळाली. ताबा मिळाला, पण स्वयंपाकघरात ओटा आणि नळ सोडून काही नाही. ते तयार होईपर्यंत आम्ही शिवडीला भाड्याने राहतोय, मी, मुलगा, सून आणि नात. हे गेल्यापासून माझं सगळं चित्त स्वयंपाकातच असतं, त्यामुळे नवीन ओट्याचा रंग, ट्रॉल्या, भांडी धुवायची जागा, सगळ्यात मी तोंड घातलं आणि सुनेने ते ऐकूनही घेतलं. अडलं ते एका गोष्टीवर. ओट्याच्या वर भिंतीला कपाटं लावतात, ती किती उंच न्यायची. मी म्हणत होते, हात पोचेल तिथे थांबवा, वरची भिंत मोकळी राहू दे. सून म्हणत होती, थेट सिलिंगपर्यंत न्यायची. ती चांगली उंच आहे, आणि माझी उंची तुला माहीतच आहे, बाबांकडून आलेली.

"आई, वरती गॅप ठेवला ना, की तेलकट धूळ बसते," ती म्हणाली. "मग झुरळं. कोण साफ करणार ते?"

"आणि वरच्या कप्प्यातलं काढणार कोण?"

"मी आहे ना. काय हवं ते मला सांगायचं."

काय हवं ते मला सांगायचं. आई, हे वाक्य मी तुझ्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि ज्या माणसाबद्दल ऐकलं त्याचं पुढे काय झालं तेही बघितलेलं आहे. तुझे उंदीर आणि हिची झुरळं, मला एकाच माळेचे मणी वाटले.

मला तो रविवार स्वच्छ आठवतो. बाबा गिरणीला सुट्टी म्हणून घरी आहेत, बनियनवर, तोंडात खिळे धरलेले. तू खालून बोट दाखवतेस, अजून वर, अजून थोडी वर. आजी भिंतीला टेकून बघत बसली आहे. तोपर्यंत फळी आजीच्या खांद्याला लागायची, सगळे पत्र्याचे डबे तिने तिच्या मनासारखे लावलेले असायचे आणि तू त्या घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी मिठासाठीसुद्धा तिला विचारायचीस. त्या दिवसापासून ती तुला विचारायला लागली. तुलाही नाही, मला. तू मोरीत कपडे धुवायला बसलीस की हळूच म्हणायची, "गो चेडवा, वायच साकर काढून दी गो." मी पेटीवर चढून काढून द्यायचे. एकदा तू बघितलंस आणि ओल्या हाताने माझ्या पाठीत धपाटा घातलास. "फळीला हात लावलास तर याद राख. आजी काय मागेल ते मला सांगायचं." आजी खाली फरशीकडे बघत राहिली.

गॅलरीत चर्चा झालीच. सुनेने म्हातारीची साखरसुद्धा तोडली, असं बायका तू ऐकशील एवढ्या मोठ्याने म्हणायच्या. शेजारच्या काकू मुद्दाम आजीला चहाला बोलवायच्या. आणि तू, जी नळावर कुणी बादली पुढे सरकवली तर पदर खोचून उभी राहायचीस, ती सगळं ऐकून गप्प. मी ते अपराधी माणसाचं गप्प बसणं समजले. खरं सांगते, तेव्हापासून मला तुझी थोडी भीतीच वाटायची. तू माझ्या वेण्या घालायचीस, आजारपणात रात्रभर पंख्याने वारा घालायचीस, तरी मला मनात वाटायचं, ही बाई म्हातारीच्या हातातून चहाची साखर काढून घेऊ शकते.

तर सुनेचं ते वाक्य ऐकल्यापासून मी तिचं बारीकसारीक टिपायला लागले. जुनं एक प्रकरण माझ्याकडे होतंच. काही महिन्यांपूर्वी मी सकाळी उठून सगळ्यांच्या पोळ्या केल्या, तिचाच त्रास वाचावा म्हणून, तर तिने नातीचा डबा भरता भरता एकदम सगळ्या पोळ्या उचलल्या आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. "कडक झाल्यात आई, डब्यात खाता येणार नाहीत," म्हणाली. नातीला शाळेत बाहेरचं खायला पैसे दिले. माझ्या पोळ्या आणि कडक! आई, तूसुद्धा माझ्या पोळ्यांना कधी नाव ठेवलं नव्हतंस. त्या दिवशी मी जेवले नाही. मग हळूहळू ती माझ्याआधी उठून कणीक मळून ठेवायला लागली. मी त्यालाही चांगुलपणा समजले नाही, ओट्यावर ताबा घेणं समजले. आता कपाटं वर गेली की तो ताबा कायमचा होणार, आणि मी नातीकडे बघून वायच साकर मागणार.

नवीन जागेत सुतार मापं घ्यायला आला त्या दिवशी तर पुरावाच हाती आला. मी बाहेरच्या खोलीत खिडकीशी उभी होते. रिकाम्या घरात आवाज घुमतो हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. सुतार म्हणाला, "मॅडम, सिलिंग तक लेंगे तो ऊपरवाला खाना किसी काम का नहीं. स्टूल लगेगा." सून हळू आवाजात म्हणाली, "चलेगा भैया. उनका हाथ नहीं पहुँचना चाहिए, इसलिए तो." मी तिथेच खिडकीचा गज धरला. येताना टॅक्सीत तिने पाणी दिलं, ते घेतलं नाही.

मुलाला एकट्याला गाठून सांगितलं. तो म्हणाला, "तसं नसेल गं. तू फार विचार करतेस." हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, मोबाईलकडे बघत होता, आणि मोबाईलवर काही चालूही नव्हतं. म्हणजे यालाही ठाऊक आहे, मी म्हटलं. दोघांनी मिळून ठरवलंय. चार दिवस मी घरात कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी संध्याकाळी सून मेथी निवडत होती, नात खाली खेळायला गेली होती, मुलगा नुकताच येऊन बसला होता. मी सरळ विचारलं, "माझा हात कुठे पोचायला नकोय तुला?"

तिचे हात थांबले. ती आधी नवऱ्याकडे बघायला लागली. त्याने मान खाली घातली.

"आई, तुम्हाला खरंच आठवत नाही?"

"काय आठवत नाही?"

"झुरळांसाठी तुम्ही बोरिक पावडर आणली होती. पिठाच्या डब्यासारख्याच डब्यात काढून ठेवली होतीत. त्या दिवशी सकाळी तुम्ही पोळ्या केल्यात ना, तेव्हा तोच डबा ओट्यावर उघडा होता. कणकेत ती होती, आई. पोरीचा डबा भरताना मी तो उघडा डबा बघितला."

"मग तेव्हाच सांगायचं ना! कडक झाल्यात काय म्हणालीस?"

"पोरगी समोर उभी होती. तिच्यासमोर कसं सांगणार होते मी? आणि तुम्ही एवढ्या सकाळी उठून केल्या होत्या." तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "गॅसपण एकदा चालू राहिला होता."

"दोनदा," मुलगा म्हणाला.

आई, माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? मला वाटलं, रचलंय. संशय घेणं हा माझा धंदाच. पुरावा कुठाय, पोळ्या तर कचऱ्यात गेल्या. तो डबा कुठाय, विचारलं, तर म्हणे त्याच दिवशी टाकून दिला. सोयीचंच आहे की. मी उठून माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मुलगा दाराबाहेरून म्हणाला की एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ, मी आतूनच म्हटलं, आधी घर होऊ दे.

आणि तिथे पलंगावर बसल्यावर मला एकदम ते बांगड्यांचं कालवण आठवलं. बाबांच्या पगाराचा दिवस होता. आजीने रांधलं होतं, वास दारापर्यंत येत होता, मी ताट घेऊन बसलेली. तू पळीभर तळहातावर घेऊन चाखलंस आणि काही न बोलता अख्खं पातेलं मोरीत ओतलंस. शेजारची मांजर आली, तिलाही हाकललंस. बाबा केवढे ओरडले होते. तू म्हणालीस, "शिळे निघाले. कोळणीने फसवलं मला." पण आई, तुला कोळीण फसवू शकेल? आणि फसवलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू तिची टोपली उलटी केली असतीस. पुढच्या आठवड्यात मी तुझ्याबरोबर बाजारात होते, तू तिच्याचकडून मासे घेतलेस, तिच्या मुलीच्या लग्नाचं विचारलंस, हसत होतीस. फळीवर मिठाच्या शेजारी कपड्यांचा सोडा असायचा, तसल्याच डब्यात. त्याच महिन्यात फळी वर गेली. आणि पुढे दोन-तीन वर्षांत आजी बाबांनाही ओळखेनाशी झाली, तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं. तुला ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं का? गॅलरीतल्या बायकांना एका वाक्यात गप्प करता आलं असतं तुला. आजीचं नाव जाऊ नये म्हणून तू सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्यास का?

मला खात्री नाही. हेही मी सोयीचं जुळवत असेन. तू नाहीस, आजी नाही, साक्ष कुणाची काढू? पण एक मात्र कळलं आणि त्याने घाबरले. तू वाईट असतीस तर मला बरं पडलं असतं, आई. मग सूनही तशीच, आणि माझं डोकं ठीक. तू चांगली निघालीस तर तीही चांगली, आणि मग मी कोण ते उघड आहे. मी इतकी वर्षं तुझ्यावर संशय घेतला, त्यात मला त्रास झाला नाही. स्वतःवर घ्यायचा म्हटल्यावर मात्र आधी पुरावा मागितला.

काल पुन्हा नवीन जागेत गेलो. सुतार पेन्सिल घेऊन उभा. सून म्हणाली, "आई बोलेंगे उतना." मला वाटलं होतं तिने हे म्हणावं म्हणजे आपण जिंकलो. मी भिंतीकडे बघितलं, पांढरी कोरी भिंत, आणि म्हटलं, "ऊपर तक लो. पूरा." चहा, साखर आणि मीठ खालच्या कप्प्यात राहतील, बाकी सगळं वर. सुतार म्हणाला, "पहले तो आप मना कर रहे थे." मी म्हटलं, "धूल बैठती है."

घरी येताना टॅक्सीत ती माझ्या शेजारी बसली होती. तिने आधी खिडकीची काच खाली केली. मग विचारलं, "आई, ते पिठाचं तुम्हाला आता आठवलं ना?" तिने ते असं विचारलं की मला कळलं, मी नाही म्हटलं तर हिला झोप लागणार नाही. मी म्हटलं, "हो गं, आठवलं. डबे एकसारखे होते, म्हणून गफलत झाली. कुणाचीही होईल." ती माझा हात धरून बसली, थेट शिवडी येईपर्यंत.

हे लिहून मी फाडून टाकणार आहे, सुनेच्या हाती लागायला नको. ती पावडर आणल्याचं मला आठवत नाही, आई. तो डबाही आठवत नाही. पोळ्या कचऱ्यात पडताना दिसतात तेवढ्या, आणि मला आलेला राग.