कोकिळा शोधण्याचं शास्त्र

३ नोव्हेंबर, सोमवार
गावच्या शाळेतल्या सातवीच्या बॅचचा मेळावा ठरला. महिनाअखेर. मुलं सगळी सापडली, मुली लग्न होऊन पांगल्या. वर्गातला रोशन म्हणाला, माहेरी विचारू. मी म्हणालो, वर्गमित्राचा, म्हणजे माझा, महागावात स्वतःचा कॉम्प्युटर क्लास असताना दारोदार कशाला? मतदार यादीत प्रोग्रामने शोधतो. सगळ्याच मुली शोधणार आहे. सुरुवात कोकिळापासून. कुठून तरी करावीच लागते.

५ नोव्हेंबर
साउंडेक्स नावाची पद्धत बसवली. स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या अक्षरांना एकच आकडा द्यायचा. कोकिला, कोकीळा सगळ्या एका रांगेत. पण आपल्याकडे ळचा य होतो हे परदेशी माणसाला काय ठाऊक? यादीत एक ‘कोकिया’ निघाली. ळ आणि य एक केले. पद्धतीला ‘महागाव-डेक्स’ नाव दिलं. पेटंटचं बघायला हवं.

९ नोव्हेंबर, रविवार
किती अक्षरं-मात्रा बदलल्या की एक नाव दुसरं होतं, तेही मोजायला लावलं. तीन बदलांची सूट दिली, तर पानठेलेवाला फकिरा कोकिळा निघाला. सूट कमी केली.
शेजारच्या वैष्णवीवहिनी चिवडा घेऊन आल्या. मारोतरावांच्या मिसेस, मागच्या वर्षी इथे राहायला आल्या. भाऊजी, दिवसभर काय करून राह्यले, म्हणाल्या. मी म्हणालो, एक हरवलेलं नाव शोधतोय. कोणाचं, म्हणाल्या. डेटा गोपनीय आहे, म्हणालो. बाईचं असन तर बायांले विचारा ना, म्हणाल्या. मनाने चांगल्या आहेत, पण टेक्निकल बाजू कच्ची.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सापडली! दारव्ह्याजवळ, बोरी अरब. शंभर टक्के जुळणी, वेलांटीसकट. लग्न दारव्ह्याकडेच झाल्याचं ऐकलं होतं. वयाचा रकाना मी मुद्दाम वगळला आहे, अल्गोरिदम शुद्ध हवा. उद्या जातो. निव्वळ व्हेरिफिकेशन. शर्ट इस्त्रीला दिला, तो तसाही द्यायचाच होता.

१६ नोव्हेंबर
कोकिळाबाई भेटल्या. वय सत्तरच्या पुढे. सातवीत कुठल्या शाळेत होत्या, विचारलं. शाळेत कायले जाऊ, बकऱ्या कोण पाहील, म्हणाल्या. ताक दिलं. मुलगा-सून महागावलाच राहतात, सून लई गुणाची, वगैरे बरंच सांगत होत्या. असंबद्ध माहिती, नोंदवली नाही. प्रोग्राम चुकलेला नाही. नाव बरोबर होतं, बाई चुकीची निघाली.
येताना वाईट वाटलं. एकेचाळीस वर्षांच्या माणसाने लग्न का केलं नाही, याला काही कारण लागतं. माझं कारण कोकिळा. सातवीत ती एकदा मागे वळून माझ्याकडे बघून हसली होती. ती विसरली नसेल. विसरली असेल तर मग मी इतकी वर्षं काय केलं?

२४ नोव्हेंबर
दुसरी आवृत्ती चालू. रोशनचा फोन. वर्गातल्याच भागीरथाने मुलींच्या माहेरी फोन लावले, एका दुपारीत सगळ्या सापडल्या. कोकिळाही. नंबर देऊ का, म्हणाला. नको म्हणालो. संशोधनात कॉपी नको.

३० नोव्हेंबर, रविवार
मेळावा. शाळेच्या फाटकाशी वैष्णवीवहिनी. वाटलं, क्लासची चावी वगैरे द्यायला आल्या. रोशन म्हणाला, ही आपली कोकिळा.
सासूचं नावही कोकिळा. एका घरात दोन नकोत, म्हणून लग्नात मारोतरावांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने वैष्णवी लिहिलं. तेव्हापासून कागदोपत्रीही तेच. ताक पिऊन आलो ते यांचंच घर. अशा केसमध्ये जगातला कुठलाही अल्गोरिदम चालत नाही, हे मी रोशनला समजावलं. त्याने जिलबी वाढली.
वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही आमच्याच वर्गात होते? मले वाटलं कॉम्प्युटरवाले म्हणून बोलावलं.
धीर करून विचारलं, वर्गातलं कोण कोण आठवतं. सगळे आठवत होते. रोशनने खाल्लेला मार, भागीरथाची लंगडी. मग विचारलं, आणि तुमच्या मागच्या बाकावर? म्हणाल्या, नाव नाही ध्यानात, एक पोट्टं होतं, सारखं नाक ओढत राहे. मागं वळून पाहिलं की हसूच ये. शेवटी गुरुजींले सांगून जागा बदलून घेतली.
लहानपणी मला बाराही महिने सर्दी असायची.