सौनातली पुस्तकं

हँकॉक, मिशिगन
सोमवार, १२ मे

प्रिय आयली,

तू माझ्यापासून वीस मैलांवर राहतेस, फोन केला तर दुसऱ्या घंटेला उचलतेस, आणि तरीही मी पत्र लिहितोय म्हटल्यावर तुला शंका आलीच असेल. म्हातारा कशाला तरी घाबरलाय, असं तू वेसला म्हणशील. खरं आहे ते. एकतीस वर्षं वर्गात बडबड करून पोट भरलं मी, पण तू समोर बसलीस की अजून अकरावीत असल्यासारखी हाताची घडी घालून ऐकतेस आणि मी ठरवलेलं सोडून भलतंच बोलून बसतो. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर तुला मध्येच 'पण मिस्टर लाहती' असं म्हणता येत नाही. पंचेचाळीस वर्षांची झालीस, तुझं पुस्तक मी छापलं, तरी मी आपला मिस्टर लाहतीच.

आधी इकडच्या बातम्या. पोस्टाच्या मागे बर्फाचा एक काळा ढीग अजून उरलाय, आणि तो कधी वितळेल यावर गावातले रिकामटेकडे पैजा लावतायत. तू वेसबरोबर पाठवलेला निसू पाव मी दोन दिवसांत संपवला. वेलदोडे जरा जास्त पडले होते, मला तसाच आवडतो. तुझ्या नवऱ्याचा गुडघा मात्र मला बरा दिसला नाही. माझ्या तीन पायऱ्या उतरायला त्याला कठडा धरावा लागला, आणि जंगलात लाकडं तोडणारा माणूस कठडा धरायला लागला की बघवत नाही. ऑपरेशनचं काय, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "होईल हो. आयलीचं दुसरं पुस्तक येऊ दे. तोवर गुडघा मला शिव्या घालतो, मी त्याला घालतो." मग अंगणातल्या सौनाकडे, आपल्या त्या वाफेच्या खोलीकडे, हात करून म्हणाला, "आणि ती फुटकी चूल मला बघू द्या की एकदा. दहा मिनिटांत जोडून देतो. मार्चपासून सौनाशिवाय आमच्या शनिवारांचा पार सोमवार झालाय." मी सौनाच्या दारापुढे उभा राहिलो आणि पाऊस येतोय, लवकर नीघ, असं काहीतरी पुटपुटलो. आभाळ स्वच्छ होतं. त्याने घरी येऊन तुला सांगितलंच असेल.

तुझं हस्तलिखित पहिल्यांदा आलं तो दिवस आठवतो का? तू काम करायचीस त्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या मेनूच्या पाठकोऱ्या कागदांवर छापलेलं होतं. एका बाजूला 'मंगळवार: मीटलोफ, वाटाणे', दुसऱ्या बाजूला तुझी आजी. खाणकामगारांची खानावळ चालवणारी, बत्तीस बिछान्यांवर चौसष्ट माणसं झोपवणारी बाई. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच उबेत आडवा, गादीला गार व्हायला फुरसतच नाही. निवृत्तीनंतर गॅरेजात प्रकाशन मांडून मी तोवर नऊ वर्षं पक्ष्यांच्या याद्या आणि सुपीरियर सरोवरात बुडालेल्या जहाजांच्या हकीकती छापत होतो. 'बत्तीस बिछाने' वाचलं आणि स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने रडलो. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण मास्तरांनी विद्यार्थ्यांना असलं काही सांगायचं नसतं असा आमच्या पिढीचा वेडगळ समज. सहाशे प्रती काढल्या. गेल्या वर्षी मार्चमध्ये सौनाच्या ओट्यावर बसून आपण तिघांनी घामाने निथळत त्या पुस्तकाचं बारसं केलं, आणि तुम्ही दोघं बर्फात लोळून आलात. इतक्या आनंदात मी तुला कधी पाहिलं नव्हतं.

मग एप्रिलमध्ये रेडिओवरची ती बाई पुस्तकाबद्दल चार वाक्यं चांगली बोलली, आणि महिन्याच्या शेवटी वितरकाचा निरोप आला की दुकानांच्या एका मोठ्या साखळीला अडीच हजार प्रती हव्यात. आमच्यासारख्याला अडीच हजार म्हणजे नाकापेक्षा मोती जड. गाठीला होतं नव्हतं ते सगळं घालून मी तीन हजार छापल्या. आणि त्याच दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरात फोन केला. तुझ्या साहेबिणीने, बर्निसने, उचलला. "आयली वाढतेय, पोरं रांगेत आहेत. कोणी मेलंय का?" म्हटलं, नाही, उलटंच झालंय. तू आलीस आणि मी म्हणालो, आयली, अडीच हजार विकली. तुझ्या हातातला डाव खाली पडल्याचा आवाज मला ऐकू आला. मागून बर्निस ओरडली आणि कशासाठी ते न कळताच पोरांनी टाळ्या वाजवल्या.

विकली. हा शब्द मी वापरला. आयली, आमच्या धंद्यात दुकानं पुस्तक विकत घेत नाहीत, ठेवून घेतात. गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर काही महिन्यांनी सगळं जसंच्या तसं परत पाठवायचा त्यांना हक्क असतो, आणि तो भुर्दंड प्रकाशकाच्या माथी. सगळीकडे हीच रीत आहे, दुकानांना बोल लावण्यात अर्थ नाही. ही गोष्ट मी नव्या लेखकांना पहिल्याच भेटीत फळ्यावर लिहून द्यावी तशी समजावतो. बाहेर गेलेलं पुस्तक वर्षभर परत आलं नाही तरच विकलं म्हणायचं, हे माझंच वाक्य. तुला मात्र ते मी त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही नाही. स्वतःच्याच बातमीने मी इतका फुगलो होतो की मला ते ऐकायचं नव्हतं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी.

जूनमध्ये शाळा संपली आणि तू नोकरी सोडलीस. तो निर्णय तुझा होता, तू मोठी बाई आहेस, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस बजावत आलोय.

ऑक्टोबरातल्या तुझ्या दौऱ्याचं आठवलं की अजून हसू येतं आणि मग पुढे हसवत नाही. कुठल्याशा मेळाव्यात एका लेखिकेने तुझ्या कानात सांगितलं की सही केलेली प्रत दुकानाला परत पाठवता येत नाही. झालं. वेसचा ट्रक घेऊन तू निघालीस, ग्रीन बे, ॲपल्टन, डुलूथ, सापडेल त्या दुकानात शिरून सापडेल त्या प्रतीवर सही. एका दुकानातली काउंटरवरची मुलगी धावत आली होती ना? "अहो बाई, आधी पैसे द्या, मग लिहा काय लिहायचं ते." तू मागच्या पानावरचा तुझा फोटो दाखवलास, तर ती म्हणाली, फोटोतली बाई बारीक दिसते. तू हे सगळं नकलांसकट सांगितलंस आणि वेस ओट्यावरून पडेस्तोवर हसला. दोनशे ऐंशी प्रतींवर सह्या झाल्या, आता त्यांना कोण हात लावतंय, असं तू म्हणालीस. मला माहीत होतं की हा लेखकांमधला एक जुना, गोड गैरसमज आहे. सही असो, नसो, पुस्तक परत येतं. मी चुलीत आणखी एक ओंडका सरकवला.

जानेवारीत पहिली दोन खोकी आली. ती तुला सांगितली, 'चालायचंच' असंही म्हणालो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जे आलं ते सांगितलं नाही. मालाच्या गाडीचा ड्रायव्हर दारात उभा राहून म्हणाला, "आजोबा, फोर्कलिफ्ट आहे का?" म्हटलं, माझ्याकडे बर्फ ओढायचं फावडं आहे. त्या भल्या माणसाने सगळा माल हाताने उतरवून दिला. सतराशे प्रती होत्या. निम्म्याहून जास्त खोक्यांची चिकटपट्टीसुद्धा कोणी फाडली नव्हती, म्हणजे ती पुस्तकं दुकानाच्या मांडणीपर्यंत पोचलीच नाहीत. मागच्या खोलीतून मागच्या खोलीत, एवढाच त्यांचा प्रवास. सह्यांच्या प्रतीही होत्या, त्यांवर 'आपल्या भागातली लेखिका' असं गोल लेबल. गॅरेज भरलं, मग गाडी बाहेर काढली, मग तीही जागा भरली. उरलेली मी सौनात रचली, ओट्यावर, बाकाखाली, चुलीच्या अंगावर. आयली, चूल फुटलेली नाही. ती तुझ्या पुस्तकांच्या मागे आहे. दोन महिने तुम्हाला सौनाच्या दारात येऊ न देण्याचं कारण एवढंच आहे. झाकली मूठ झाकलेलीच राहावी, इतकंच मला सुचलं.

आणि लाकूड किती धुतलं वाळवलं तरी सौना ती सौना, ओल धरतेच. खालच्या थरातली पानं फुगायला लागलीत.

वितरकाच्या फॉर्मवर दोन चौकटी असतात: परत पाठवा, किंवा नष्ट करा. नष्ट करणं स्वस्त पडतं. मार्चमध्ये मी पहिल्या चौकटीत खूण केली, कारण तुझ्या आजीला लगदा करायच्या यंत्रात घालायला माझा हात धजेना. गेल्या महिन्यात आणखी सहाशे प्रतींचा फॉर्म आला. या खेपेला मी दुसऱ्या चौकटीत खूण केली. मग जेवलो आणि झोपलो, नेहमीसारखी झोपही लागली, आणि सकाळी त्याचीच जास्त लाज वाटली.

आता मघाशी खोटं लिहिलं ते दुरुस्त करतो. नोकरी सोडायचा निर्णय तुझ्या एकटीचा नव्हता. तू मला विचारायला आली होतीस. मेचा शेवटचा शनिवार होता, वेस बाहेर लाकडं फोडत होता. पोरं लहान नाहीत, खर्च कमी आहे, पण नोकरी सुटली की दोघांचा आरोग्य विमा जातो, मिस्टर लाहती, मी काय करू, असं तू विचारलंस. हाताची घडी घालूनच. मी म्हणालो, सोड. एवढंच म्हणून थांबलो असतो तरी बरं होतं. मी तुला सांगितलं की मी एकतीस वर्षं पेन्शनकडे डोळे लावून बसलो आणि माझ्या हातून एक ओळ लिहून झाली नाही, तू तसं करू नकोस. म्हणजे माझ्या न लिहिलेल्या पुस्तकांची भरपाई मी तुझ्या नोकरीतून करायला निघालो होतो. खानावळ कशी चालते हे इतकं नेमकं लिहिणारी तू, आणि सल्ला विचारलास तो ज्याला गॅरेज चालवता येत नाही अशा माणसाला.

मी प्रकाशन बंद केलंय. गेल्या मंगळवारी वितरकाला तसं कळवलं. तुझी दुसरी कादंबरी येत्या हिवाळ्यात येणार नाही, पुढच्याही नाही. केकच्या डब्यात घालून तू ती फेब्रुवारीत आणून दिलीस, तेव्हापासून मी तीनदा वाचली. पहिलीपेक्षा ती पुष्कळ चांगली आहे. यात तुला बरं वाटावं म्हणून काही नाही, उलट हे लिहिताना मलाच जास्त वाईट वाटतंय. दुसरीकडे पाठवावी, तर चांगले लोक आहेत ते माझ्यासारखेच आहेत, कोणाचं गॅरेज भरलंय तर कोणाचं तळघर. आणि मोठे प्रकाशक पहिल्यांदा एकच गोष्ट बघतात, आधीच्या पुस्तकाच्या किती प्रती खरोखर विकल्या गेल्या. तो आकडा आता तुझ्या नावाला कायमचा चिकटलाय, आणि तो मीच चिकटवला. सहाशेच छापून थांबलो असतो, तर सहाशेपैकी पाचशे विकणारी लेखिका म्हणून तुला कोणीतरी दारात उभं केलं असतं. आता काही मार्ग आहे, असं मी म्हणणार नाही. एकदा म्हणून झालंय.

हे सगळं मी आणखी वर्षभर लपवलं असतं, इतका मी भित्रा आहे. पण शुक्रवारी पोस्टात बर्निस भेटली. तुझ्या जागी घेतलेली मुलगी नवऱ्याबरोबर विस्कॉन्सिनला चालली आहे, शाळेने जाहिरात दिली आहे. बर्निस म्हणाली, "आयली माझ्याकडे यायची नाही, मान ताठ आहे तिची. पण अर्ज टेबलावर आला तर दुसरा मी बघणारसुद्धा नाही. मात्र मुदत गेली की माझ्या हातात काही राहत नाही." पगार पहिल्या पायरीपासून, तुझी आधीची अठरा वर्षं धरणार नाहीत, तेही मी विचारून घेतलं. पण विमा ऑगस्टपासून पुन्हा सुरू होईल आणि वेसच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घेता येईल. मुदत या शुक्रवारी चार वाजता संपते. तू दुसऱ्या पुस्तकाची वाट बघत घरी बसलीस तर ती जागा जाईल, आणि पुस्तक तर नाहीच आहे, म्हणून आज हे पत्र. बुधवारी तुला मिळेल. माझ्यावर चिडायला, मला शिव्या द्यायला गुरुवार पुरेल, हवा तर वेसलाही बरोबर घे, मी घरीच आहे. पण शुक्रवारी सकाळी शाळेत जा. अर्जात एक रकाना असतो, आधीची नोकरी का सोडली. तिथे घरगुती कारण वगैरे लिहू नकोस. माझं नाव लिही.

तुझाच,
अर्विद लाहती