पालखी वेशीपुढे गेली

मानपाडा, डोंबिवली पूर्व
२० एप्रिल २०२५

चिरंजीव मितेश,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. फोनवर बोललं की तुझा बापूस शेजारी बसून कान लावतो, म्हणून हे लिहून डब्याच्या पिशवीत ठेवते. डब्यात सुका जवळा आहे, मेघनाला आवडतो ना? कळव्यात पाणी नीट येतं का?

काल गावदेवीची पालखी झाली. आपली पालखी जुन्या वेशीवरच्या चिंचेशी मागे फिरते, तुला ठाऊक आहेच. पलीकडे आपल्याच शेतांवर टॉवर उभे राहिले, पण त्या लोकांना कोणी गावात धरत नाही. यंदा तिथल्या बायका चिंचेपलीकडे आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. मालवणच्या, बिहारच्या, एक तमिळ आजी. बिहारची सरोज मला म्हणाली, "काकी, वीस साल झाली, आम्ही पण इथलेच ना?"

तिथेच राहणारे मेघनाचे बाबा धोंडिबाही होते. त्यांच्या हातात ताट नव्हतं, कोकम सरबताची कळशी होती. म्हणाले, "आम्ही बौद्ध, पूजा नाही करत. पण उन्हात खांदा देणाऱ्याला तहान लागतेच की, विहीणबाई." चारचौघांत विहीणबाई! लग्नाला दोन वर्षं झाली, पहिल्यांदा ऐकलं. बरं वाटलं मला.

पालखीचे मानकरी तानाजीकाका म्हणाले, "फिरवा." पुढच्या दांडीला तुझा बापूस. तो जागचा हलेना. मग एकदम ओरडला, "आईला पुढं जायचंय, कुनी आडवू नका!" देवीनेच ओढ घेतली म्हटल्यावर कोण बोलणार? पालखी पार शेवटच्या टॉवरपर्यंत गेली. बायकांनी ओवाळलं. तानाजीकाकाच म्हणाले, पालखी जाते तिथवर गाव. तुझ्या बापसाने धोंडिबांकडून दोन ग्लास सरबत घेतलं.

"वेशीबाहेरची सून नको," असं तो तेव्हा म्हणाला होता. वेस नुसती सांगायला होती, मनात होती ती जात. तुलाही माहीत आहे, मलाही. आता मेघनाचं माहेरच वेशीच्या आत आलं, तरी 'या' म्हणायला त्याची जीभ रेटत नाही.

कालपासून खांदा धरून बसलाय. मलम चोळताना मी विचारलं, देवीने ओढलं, मग तुमचा खांदा कसा दुखतो? त्याने तोंड फिरवलं. डोळे भरले होते रे.

मेघनाला सांग, देवीपुढे हात जोडायची जबरदस्ती नाही. आणि डबा रिकामा परत करायचा नसतो. कुणाच्या हाती पाठवू नका, घेऊन या.

तुम्हा दोघांची आई,
बायजा